प्रिंटरने दिलेला कौल

तिसऱ्या मजल्यावर जाणाऱ्या जिन्यात चपलांना जागा उरली नव्हती. लोक एकमेकांच्या खांद्यावरून वर बघत उभे होते. कुणाच्या हातात नारळ, कुणाच्या हातात ओटीचं ताट, आणि जवळजवळ प्रत्येकाच्या मोबाइलवर कुणाचं तरी नाव टाइप करून तयार. आतून घंटा वाजली. मग घर्रर्र असा आवाज झाला आणि सगळा जिना एकदम गप्प झाला. कागद बाहेर येत होता.

"उजवा," आतून बातमी आली. "उजवा लागला."

"व्हय म्हाराजा," जिना म्हणाला.

हे काही देऊळ नव्हतं. सिल्व्हर पार्कमधल्या आमच्या बिल्डिंगमधला मिनलचा हॉल होता तो. आणि टीव्हीच्या जागी चौरंगावर, लाल कापड पांघरून आणि झेंडूची माळ घालून जो बसवला होता, तो तिचा घरचा प्रिंटर होता. माळेची दोन फुलं 'स्कॅन' लिहिलेल्या बटणावर लोंबत होती.

मी दारातच अनिशला कडेवर घेऊन उभी होते. अनिश दहा महिन्यांचा आहे. त्याला गर्दी आवडते, घंटा तर फारच आवडते. मला दोन्ही सोसवेनात, पण पाय तिथून हलतही नव्हते, कारण चौरंगाच्या बाजूला, भिंतीला टेकून, सात वर्षांची सान्वी बसली होती. मिनलची मुलगी. तिच्या समोर फुलपात्रात पाणी होतं आणि त्यात एक छापलेला कागद भिजत होता. पाणी हळूहळू लाल होत होतं. तिचा कौलही उजवा लागला, तर ते तिने प्यायचं होतं.

सान्वीला फिट येतात. म्हणजे यायच्या. डॉक्टरांनी सकाळ-संध्याकाळ गोळी सुरू केल्यापासून बराच काळ आलेली नाही.

सगळं सुरू झालं ते दसऱ्याला. मिनलचा नवरा नीरज उन्हाळ्यात मस्कतला नोकरीला गेला. प्रिंटर त्याचाच लाडका. कागद अडकला, अक्षरं पुसट आली, तरी बघायचा तोच. तो गेला तसा प्रिंटर कव्हरखाली पडून राहिला. दसऱ्याला मिनलच्या सासूबाई, उर्मिलाकाकींनी घरातली सगळी यंत्रं पुजली. रत्नागिरीकडच्या बाई, हात सढळ. मिक्सर, शिलाई मशीन, स्कूटी आणि शेवटी प्रिंटर. परदेशात गेलेल्या मुलाची वस्तू म्हणून त्याची पूजा जरा जास्तच मायेने झाली. मागे कागद उभा करायचं झाकण उघडं होतं. ओटीत घालावं तसं काकींनी त्यात हळद, कुंकू, अक्षता, पाकळ्या असं सगळं वाहिलं आणि वरून फुलाने पाणी शिंपडलं.

दोन दिवसांनी सान्वीच्या शाळेचं काहीतरी छापायचं होतं. कागद बाहेर आला तो कलंडून. अक्षरांवर आडव्या पांढऱ्या रेघा, सान्वीचं नाव मधूनच तुटलेलं. आणि कागदाच्या कडेने खालपासून वरपर्यंत, एकापुढे एक, लहान लहान लाल ठसे. लक्ष्मीची पावलं काढतात ना, अगदी तशी.

काकींनी तो कागद आधी कपाळाला लावला आणि मग देव्हाऱ्यात ठेवला. संध्याकाळपर्यंत त्याचा फोटो बिल्डिंगच्या ग्रुपवर होता, आणि आठवड्याच्या आत जवळच्याच काशीमीऱ्याहून नाथाबाबा आले.

नाथाबाबा पूर्वी फ्लॅट भाड्याने मिळवून द्यायचे. आता दोष काढतात. भगवा कुर्ता, मनगटात चांगले चार पदरी रुद्राक्ष, आणि आवाज असा की रिक्षास्टँडवरूनही ऐकू जावा. त्यांनी प्रिंटरकडे बराच वेळ बघितलं, डोळे मिटले आणि सांगितलं की कुळाची देवी समुद्रापार गेलेल्या पोराच्या ओढीने यंत्रात उतरली आहे. आता ती इथूनच कौल देईल.

कौल म्हणजे काय हे कोकणातल्या माणसाला सांगावं लागत नाही. देवीच्या मूर्तीला फुलं किंवा तांदूळ चिकटवायचे, प्रश्न विचारायचा. उजवीकडचं आधी पडलं तर होकार, डावीकडचं पडलं तर नकार. घर बांधायचं, मुलगी द्यायची, सगळं विचारून. आमच्या बिल्डिंगमध्ये निम्मी घरं रत्नागिरी-रायगडची. गावची देवी लांब, सुट्टी मिळत नाही, आणि इथे ती चालत तिसऱ्या मजल्यावर आलेली. मग काय. बाबांनी नियम घालून दिला. विचारणाऱ्याचं नाव अर्ध्या कागदावर छापायचं, पूर्ण कागदाचा देवीला भार होतो. नाव सरळ उमटलं तर उजवा कौल, कलंडून उमटलं तर डावा. नावात पांढरी रेघ आली तर नशिबात खंड. खंडावर उपाय शांती. शांतीची सोय बाबांकडेच.

आणि दर संध्याकाळी सुरुवातीला गाऱ्हाणं. ते मात्र ऐकण्यासारखं असायचं.

"हे आई म्हामाये, यंत्रनिवासिनी," बाबा दोन्ही हात वर करून म्हणायचे. "चार रंगांच्या चार कुंडांत ऱ्हवणाऱ्ये, वायरीच्या वाटेन येणाऱ्ये, वायफायच्या वाटेन जाणाऱ्ये, ह्या बिल्डिंगीत कोणाची करणी आसात, कोणाची नजर आसात, मेंटेनन्स थकल्याचो कोणाचो तळतळाट आसात, तो बारा वाटेन भायेर काढून टाक गे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

त्यांची मालवणी काशीमीऱ्याच्या सिग्नलवर शिकल्यासारखी होती. मेंटेनन्सपाशी सोसायटीचा सेक्रेटरी सर्वांत मोठ्याने 'व्हय' म्हणायचा.

माझ्या शेजारची मॅबेलसुद्धा एकदा जाऊन आली. ती मूळची उत्तनची, मुलगा डॅरेन जहाजावरच्या नोकरीसाठी ताटकळलेला. मला म्हणाली, "आमच्या फादरला सांगू नको हां. पण काय करू, पोराचा नोकरीचा कागद येतच न्हाय." डॅरेनचं नाव छापलं, मधोमध पांढरी रेघ. बाबांनी मान हलवली. "मॅबेलबेन, लडके के नाम में खंड है." मग त्यांनी प्रिंटरवर हात ठेवून मंत्र म्हटला, प्रिंटर आतून गुरगुरला, बराच वेळ गुरगुरला, आणि पुन्हा छापलं तर नाव अखंड. मॅबेलच्या डोळ्यांत पाणी आलं. मी तिची चेष्टा करणार होते, पण तो चेहरा बघून केली नाही.

हे सगळं मी लांबून बघून सोडून दिलं असतं. पण त्या दिवशी दुपारी मिनल माझ्या स्वयंपाकघरात आली. मी अनिशला नाचणीचं सत्त्व भरवत होते. तो निम्मं खात होता, निम्मं माझ्या बाहीला पुसत होता. मिनल खाली फरशीवर बसली आणि बाहीवरचं ते सत्त्व आपल्या ओढणीने टिपत राहिली. ती काहीतरी सांगायला आली होती, आणि ते सांगायला तिला वेळ लागत होता.

शेवटी कळलं. सान्वी वर्गात पेंगते. बाईंनी दोनदा बोलावून सांगितलं. काकींचं म्हणणं, गोळ्यांनी पोर मंद होतेय. बाबा म्हणाले, देवीलाच विचारू. आज संध्याकाळी कौल. उजवा लागला तर आजपासून गोळ्या बंद, आणि रोज पावलांच्या कागदाचं पाणी.

"सकाळची दिलीय," मिनल म्हणाली. "संध्याकाळची... बघू."

"बघू म्हणजे काय? डॉक्टरांना विचारलंस?"

तिने विचारलं नव्हतं. मी तिला तिथेच फोन लावायला लावला. डॉक्टर शांतपणे बोलले, पण त्यांनी सांगितलं ते स्पीकरवर मलाही ऐकू आलं. गोळ्या अशा एकदम थांबवायच्या नाहीत. थांबवल्या तर फिट पुन्हा येऊ शकतात, आणि आधीपेक्षा जोरात, लांबलेल्या. पेंगण्याचं बघता येईल, तिला घेऊन या, डोस बदलू, पण आजची गोळी चुकवू नका.

फोन ठेवून मिनल ओढणीवरचं सत्त्व पुसायला लागली. मला वाटलं, मिटलं. पण नाही.

"डॉक्टर म्हणतात ते बरोबरच असणार गं," ती म्हणाली. "पण ते कधी म्हणणारच नाहीत, की ती बरी झाली. मला एकदा कुणीतरी म्हणायला हवंय. नीरज फोनवर म्हणतो, तू बघ. आई म्हणतात, तू आई ना, तू बघ. मी किती बघू? निदान देवीने सांगितलं तर मी एकटीने ठरवलं असं तर होणार नाही."

मुलाचं अंग जरा गरम लागलं तरी आपला हात पुन्हा पुन्हा कपाळावर जातो. मिनलचा हात कितीतरी वर्षं तसाच आहे. तिला हसणं सोपं होतं, पण ते मला जमणार नव्हतं.

तिच्या पर्समध्ये पावलांचे दोन-तीन कागद होते, प्रसाद म्हणून जपलेले. मी ते मागून घेतले. अनिशच्या आधी मी भाईंदरला एका सीएच्या ऑफिसात होते, आणि तिथला प्रिंटर रोज माझाच जीव खायचा. कागद तिरका का जातो, डाग कुठून येतो, हे मला शिव्या खाऊन शिकावं लागलं होतं. दोन कागद मी एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेला लावले. पलीकडून ऊन येत होतं.

"हे बघ."

एका कागदावरची पावलं दुसऱ्या कागदावरच्या पावलांवर अगदी बरोबर बसली. तेवढंच अंतर, तोच आकार, डावं पाऊल नाहीच, सगळी उजवी.

"देवी लंगडी घालतेय का?" मी विचारलं. "एखादी गोल वस्तू फिरत असेल, तिच्यावर एका जागी रंग लागला असेल, तर प्रत्येक फेरीला त्याच अंतरावर ठसा पडेल. कागद आत ओढून घेणारा रबरी रोलर असतो ना. काकींनी कुंकू कुठे वाहिलं होतं?"

मिनलने कागद काचेवरून काढून घेतले. घडी घालून परत पर्समध्ये ठेवले. "असं बोलू नको गं," ती म्हणाली. "संध्याकाळी ये मात्र." आणि गेली.

म्हणून मी दारात उभी होते. सबंध दुपारभर मला एका जागी बसता आलं नव्हतं. कुकर लावला तर शिट्ट्या मोजायच्या विसरले. अनिश झोपला तर त्याच्या श्वासाकडेच कान. दारातून आता मला नाथाबाबा स्पष्ट दिसत होते. दिसत नव्हते ते फक्त त्यांचे हात, कारण त्यांच्या खांद्यावरचं उपरणं नेमकं प्रिंटरवर आलेलं होतं.

गाऱ्हाणं मघाशीच झालं होतं. पूजाही झाली होती. बाबांनी चिमूटभर कुंकू घेऊन 'यंत्राच्या मुखात' सोडलं होतं. रोजच सोडायचे. आणि रोज पहिल्या कागदावर पावलं ठसठशीत यायची, मग फिकी होत होत रात्रीपर्यंत दिसेनाशी व्हायची. बाबा म्हणायचे, देवी दमते.

"आता ह्या लेकराचा प्रश्न," बाबा म्हणाले. जिन्यातली माणसं दोन पायऱ्या वर सरकली. "सान्वीच्या नावाने कौल. आई, ह्या पोरीचं विषारी औषध सुटूदे का? सुटूदे असेल तर नाव सरळ दे, उजवा दे, आणि तिच्या आयुष्यात खंड असेल तो ह्याच वक्ताला भरून दे."

हात प्रिंटरवर गेला. गुरगुर सुरू झाली. लोकांनी हात जोडले. आणि त्या शांततेत सान्वीचा बारीक आवाज आला. ती भिंतीला टेकून बसलेली, तिचे डोळे बरोबर उपरण्याच्या खाली पोचत होते.

"बाबा, तुम्ही ते थेंबाचं बटण दाबून का धरता?"

कुणीतरी हसलं. काकी म्हणाल्या, सानू, गप. बाबा डोळे न उघडता म्हणाले, "ती मुद्रा आहे, बाळ."

"पण आमचे पप्पा पण तीच मुद्रा करायचे," सान्वी म्हणाली. "रेघा आल्या की. मग म्हणायचे, शाई सुकलीये."

मी अनिशला बाजूला उभ्या मॅबेलच्या हातात दिलं. त्याने भोकाड पसरलं, पण त्या क्षणी माझा नाइलाज होता. चपलांवरून, ताटांवरून वाट काढत पुढे गेले आणि म्हटलं, बाबा, तुमचा कौल होऊ दे, पण मलाही एक लावून बघायचाय. लोकांनीच सांगावं, उजवा हवा की डावा. मी तो देते.

बाबा हसले. "अनिशच्या आई, तुमच्या अंगावर दूध पितं मूल. अशा बाईने यंत्राला शिवू नये. पोराला बाधेल."

हे त्यांनी सगळ्यांसमोर, अगदी मायेने सांगितलं. आणि खरं सांगते, क्षणभर माझा हात थांबला. मागे अनिश रडत होता. सगळं माहीत असूनही मी वळून त्याच्याकडे बघितलं. भीती अशीच घालायची असते, बरोबर तिथे, जिथे आईचा विचार चालणं थांबतं. त्या क्षणी मला मिनल जेवढी कळली तेवढी दुपारी कळली नव्हती.

माझ्या मागून कुणीतरी पुढे आलं. मिनलच होती. तिने माळ काढली, लाल कापड उचललं आणि घडी करून काकींच्या मांडीवर ठेवलं.

"प्रिंटर माझा आहे," ती म्हणाली. "लाव तू हात."

"मिनल," काकी म्हणाल्या.

"आई, पोरगी पण माझी आहे. बघू दे."

मग मी लोकांना विचारलं. पुढे बसलेला सेक्रेटरी म्हणाला, डावा. मी अर्धा कागद उभा केला आणि त्याला धरून ठेवणारी जी सरकती पट्टी असते ती अंगठ्याने जराशी ढिली केली. कागद आत गेला तो एका बाजूने अडखळत, आणि सेक्रेटरीचंच नाव कलंडून बाहेर आलं. आता उजवा, मी म्हटलं, आणि पट्टी कागदाला घट्ट टेकवली. नाव सरळ. पुन्हा डावा, पुन्हा उजवा. जिन्यातली मुलं आपणहून ओरडायला लागली, डावा, उजवा, डावा, जणू लेझीमच चाललं होतं.

बाबा म्हणाले, ही हातचलाखी आहे.

"हो, हातचलाखीच आहे," मी म्हटलं. "एवढे दिवस चालली होती तीच. आता खंडाचं बघू."

ते सोपं होतं. प्रिंटर बरेच महिने बंद राहिला की शाईची बारीक भोकं सुकतात, मग छपाईत पांढऱ्या रेघा येतात. थेंबाचं बटण दाबून धरलं की तो स्वतःची भोकं स्वतःच साफ करतो. तीच ती गुरगुर. देवी बोलत नव्हती, यंत्र चूळ भरत होतं. मी सान्वीलाच बटण दाबायला बोलावलं. तिने बोट ठेवलं, दिवा लुकलुकला, आतून घरघर झाली. मग आम्ही तिचं नाव छापलं. सान्वी नीरज, एकही रेघ तुटलेली नाही. एका खेपेत जमलं हे आमचं नशीब, कधी कधी दोन-तीनदा करावं लागतं.

"शांती झाली," ती म्हणाली, आणि पहिल्यांदा हॉलमध्ये खरं हसू पसरलं.

पण सगळे हसले नव्हते. मागच्या एक आजी म्हणाल्या, बाकी काही असूदे बाय, पावलं कशी आली? पावलं तर आम्ही डोळ्यांनी बघितली. माणसाला सगळ्यांत शेवटी सोडवत नाही ते हेच, डोळ्यांनी बघितलेलं. मी मिनलला हळद आणायला सांगितली. प्लग काढला, झाकण उघडलं, ओल्या फडक्याने रोलर फिरवत फिरवत पुसला. फडकं लाल झालं. मग त्याच जागी ओल्या बोटाने हळद लावली, प्लग घातला आणि कागद सोडला.

पिवळी पावलं बाहेर आली. एकापुढे एक, तेवढ्याच अंतरावर, सगळी उजवी.

मघाशी ज्यांनी नारळ पुढे केले होते त्यांनी ते हळूच मांडीखाली सरकवले.

"आणि कागद अडखळतो कशाने?" सेक्रेटरीने विचारलं. त्याला आता सगळंच हवं होतं.

पुन्हा प्लग काढला. मिनलने मोबाइलचा टॉर्च प्रिंटरच्या आत मारला. उजेडात स्वतःच वाकून बघितलं आणि मग बेडरूममधून भुवया कोरायचा चिमटा घेऊन आली. पहिल्यांदा एक सुकलेली झेंडूची पाकळी निघाली. मग हळदकुंकू लागलेले, फुगून कडक झालेले तांदळाचे दाणे. एकेक दाणा ती काकींच्या मांडीवरच्या लाल कापडावर ठेवत गेली. दसऱ्याच्या अक्षता.

नाथाबाबा उठले. जाताना त्यांनी सांगितलं की अविश्वासाची सावली पडल्यामुळे आई आत्ताच, सर्वांच्या देखत, यंत्रातून निघून गेली. मॅबेल दारात होती, खांद्यावर अनिश. तिने वाट सोडली नाही.

"माझ्या डॅरेनच्या नावात खंड न्हाय," ती म्हणाली. "शाईत होता. एवढं सांगून जा."

बाबांनी ते सांगितलं नाही. पण जिना उतरताना त्यांना कुणी नमस्कारही केला नाही, आणि चपला शोधायला त्यांना बराच वेळ लागला.

लोक पांगले. काही माझ्याकडे रागाने बघत गेले. माझी तक्रार नाही. कुणाच्या हातातून काढून घेतलेली गोष्ट खोटी असली, तरी हात रिकामा होतोच. मी अनिशला घेतलं, तो हुंदके देत गळ्यात घुसला आणि झोपला.

काकी अजून तिथेच होत्या. मांडीवर लाल कापड, कापडावर दाणे.

"म्हणजे हे मीच केलं," त्या म्हणाल्या. "मीच वाह्यल्या अक्षता. माझ्या हाताने पोरीला..."

मी त्यांच्याजवळ बसले. म्हटलं, काकी, मुलाची वस्तू म्हणून तुम्ही मायेने वाहिलंत, त्यात काय चूक? चूक तिथून पुढे झाली. डाग पडला तर डाग कशाचा हे कुणीच विचारलं नाही, आणि ज्याला कशाचा ते कळलं त्याने सांगितलं नाही. त्यांना पटलं की नाही, कळलं नाही. मग त्यांनी सान्वीच्या समोरचं ते फुलपात्र उचललं, मोरीत जाऊन ओतलं, घासलं आणि माठातलं स्वच्छ पाणी भरून आणलं.

"मिनल," त्यांनी विचारलं, "ती गोळी कितीला देतेस तू?"

मिनल फ्रीजवरच्या डब्याकडे हात नेत होती, ती तशीच थांबली. सान्वीचं आजारपण सुरू झाल्यापासून सासूने हा प्रश्न कधी विचारला नव्हता.

"आठला, आई."

"मग झाले की आठ. आण. आजपासून संध्याकाळची मी देत जाईन. तुझ्याच्याने एकटीने किती होणार."

सान्वीने तोंड वाकडं केलं, गोळी जिभेवर ठेवली आणि आजीच्या हातून पाणी प्यायली.

पुढच्या सोमवारी त्या तिघी डॉक्टरांकडे गेल्या. डोस बदलला. पेंगणं कमी झालंय. पूर्ण बरी होईल का, हे डॉक्टरांनी आजही सांगितलेलं नाही. जे माहीत नाही ते माहीत नाही म्हणणारा माणूस मला सगळ्या कौलांपेक्षा भरवशाचा वाटतो.

हे लिहायला मला अनिशच्या झोपा पुरवून पुरवून वापराव्या लागल्या, म्हणून थोडक्यात सांगते. तुमच्या गावच्या देवीला तुम्ही काय विचारता, हा तुमचा प्रश्न. पण मुलाच्या पोटात जाणारं किंवा न जाणारं औषध यंत्राला, बाबाला, वाटीतल्या रंगीत पाण्याला विचारू नका. डॉक्टरांना विचारा, नाही पटलं तर दुसऱ्या डॉक्टरांना विचारा, शंभर वेळा विचारा. आणि घरात कसलंही नवल घडलं तर हात जोडायच्या आधी प्लग काढा, झाकण उघडा आणि आत टॉर्च मारून बघा.